कोरी तबकडी

सोमवार, ७ एप्रिल

पोचलो एकदाचा! हॉबार्टहून तासाभराची बस, आणि तो सगळा तास शेजारच्या दाढीवाल्याने कॉफीच्या बिया कशा भाजाव्यात यावर मला प्रवचन दिलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, तर म्हणतो कसा, वा, तुम्हीही ध्यान करता वाटतं! कपाळावर हात मारून घ्यायचीही सोय नव्हती, मांडीवर बॅग होती.

पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवलंय. एकसष्टाव्या वर्षी मला माझं काम परत मिळालंय. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा मेलबर्नच्या एका रेकॉर्डच्या कारखान्यात 'कान' म्हणून लागलो होतो. छापून आलेली तबकडी ऐकायची, कुठे टिचकी, कुठे खरखर ते कार्डावर लिहायचं, आणि खाली सही ठोकायची. सहा वर्षांत सीडी आली, कारखान्याला कुलूप लागलं, आणि पुढची सगळी उमर मी एका गोदामात कुत्र्यांच्या खाण्याची पोती हलवण्यात घालवली. आता जगाला पुन्हा रेकॉर्डींचं वेड लागलंय. छापायला मशीनं मिळतात, पण ऐकणारे कान उरलेत किती? अडला हरी, धरतोय गाढवाचे पाय. गाढव मी. माझी काही तक्रार नाही.

कारखाना ह्युऑन खाडीच्या काठी, सफरचंदांच्या जुन्या शीतगोदामात आहे. भिंतींना हातभर जाड बूच ठोकलेलं, आणि आत शिरलं की अजून सफरचंदांचा वास. मालक जॅस्पर. वय बत्तीस, डोक्याला लोकरीची टोपी आणि घोटे उघडे. या थंडीत टोपी घालून मोजे न घालण्यात काय शहाणपण आहे, ते त्यालाच ठाऊक. मला मिठी मारून म्हणाला, नेव, तू आमच्या कारखान्याचा आत्मा आहेस. मी म्हटलं, बाबा रे, कान आहे तेवढं पुरे.

राहायला मर्लच्या परसातली खोली आहे. मर्ल कारखान्यात रेकॉर्डी पाकिटात भरायचं बघते; पासष्टीची बाई, हसली की कपाटातल्या बश्या हलतात. आल्या आल्या पुढ्यात कोकराचं मटण आणि भाजलेला भोपळा ठेवला, आणि मी नको म्हणताच दुसऱ्यांदा वाढलं.

ब्रॉनला पोचल्याचा मेसेज केला. माझी लेक पर्थला असते, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिचा हॅमिश चार महिन्यांचा. जावई क्रेग दोन आठवडे लोखंडाच्या खाणीवर आणि एक आठवडा घरी, त्यामुळे पोर बाळाला घेऊन एकटीच असते. दर रविवारी दुपारी दोनला आमचा फोन. बायको गेल्यापासून माझा सगळा आठवडा त्या फोनच्या आधारावर उभा आहे. लिहून टाकतो, इथे कोण वाचायला येतंय.

गुरुवार, १० एप्रिल

काम मस्त. काळ्या दाण्यांचा वितळलेला गोळा दोन साच्यांत दाबायचा, वाफेने भाजायचा, पाण्याने गार करायचा, कडा कापायची. बाहेर आली की ऊन ऊन हातात येते. छत्तीस वर्षांनी तो वास नाकात गेला आणि मला मेलं रडूच आलं. डोळ्यांत वाफ गेली म्हणून सांगितलं.

इथली एक रीत मला फार आवडली. सकाळी मशीन सुरू होण्याआधी एक कोरी तबकडी ऐकायची. म्हणजे जिच्यावर खाच आहे, पण खाचेत काही नाही. त्यावरून सुईचा, मशीनचा, खोलीचा आवाज किती ते कळतं. जुने लोक हे करायचे, पण आठवड्यातून एकदा. इथे रोज. एकच तबकडी 'मान्य नमुना' म्हणून राखलेली आहे. तीन नंबरच्या खोलीत दार लावून घ्यायचं आणि वीस मिनिटं ओठ शिवून बसायचं.

आज सुई टेकवली आणि काय सांगू! अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. ना खरखर, ना घरघर, ना लांबची गुणगुण. विहिरीत डोकवावं आणि तळ दिसू नये, तसं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी करामत नाही. माझ्या आधीचा 'कान', ॲल्बी नावाचा म्हातारा, त्याने म्हणे स्वतः ही खाच कोरली. कार्डावर मी मोठ्या अक्षरात 'निर्दोष' लिहिलं.

ॲल्बी कुठे आहे विचारलं तर मर्ल म्हणाली, कान गेले रे बिचाऱ्याचे. वय झालं की जायचंच सगळं एकेक करून.

शनिवार, १२ एप्रिल

शनिवारी कारखान्याच्या दारातच विक्री असते. गिऱ्हाइकं बघून घ्यावीत म्हणून थांबलो, आणि पस्तावलो. एका जोडप्याने नऊ रेकॉर्डी घेतल्या. कौतुक वाटलं म्हणून विचारलं, कोणत्या प्लेअरवर ऐकता? दोघं एकमेकांची तोंडं बघायला लागली. प्लेअर नाहीच म्हणे! मग? मग भिंतीवर लावतो, चौकटी मिळतात तशा. आणि गाणी? गाणी काय, फोनवर ऐकतो की. म्हणजे कोकराची तंगडी विकत आणायची, दिवाणखान्यात टांगायची, आणि जेवायला बिस्किटं.

दिवसभरात चाळीस-एक माणसं आली. प्लास्टिकचं वेष्टन फाडणार का, असं मी प्रत्येकाला विचारलं. तिघं हो म्हणाली. एक बाई तर अंगावर आल्या, फाडलं की किंमत जाते ना! गाढवाला गुळाची चव काय. मी दिवसाचे आठ तास कान लावून टिचक्या शोधतो, त्या या रिकामटेकड्यांच्या भिंतींसाठी.

बुधवार, १६ एप्रिल

जॅस्परने कहर केला. तो स्वतः काही ऐकत नाही, त्याच्या कानांत कायम दोन पांढरी बोंडं असतात. पण त्याने माझं कार्ड वाचलं. निर्दोष शांतता! उड्याच मारायला लागला. आता ॲल्बीच्या त्याच खाचेवरून पाचशे प्रती निघणार. 'ह्युऑनची शांतता', धुक्याच्या रंगात. काहीही नसलेली रेकॉर्ड, आणि ती कधी न लावणारी माणसं! आगाऊ नोंदणीत दोन दिवसांत सगळ्या खपल्यासुद्धा. जॅस्पर म्हणाला, नेव, लोकांना शांतता हवी आहे. मी म्हटलं, मग तू तोंड बंद ठेव, फुकटात मिळेल.

पण एक गोष्ट झाली. साच्यावर, खाच संपते त्या जागी, त्याने मला सही कोरू दिली. 'नेव्हिल'. एवढ्या आयुष्यात माझं नाव प्रथमच एखाद्या रेकॉर्डवर आलं. पहिली निघेल ती प्रत मी ब्रॉनला पाठवणार, बरोबर माझा जुना प्लेअरही. दिवसभर पोराच्या मागे असते, वीस मिनिटं शांत बसेल.

रविवार, २७ एप्रिल

ब्रॉनचा फोन. आधी हॅमिश दाखवला. गाल बघा त्याचे! आवाज तर असा खणखणीत की रडला तर शेजारचं कुत्रं पळून जातं म्हणे. मग तिने फोन वळवला आणि पाळण्याच्या वर भिंतीवर काय? माझी रेकॉर्ड. चौकटीत. वेष्टनासकट!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तूही त्यातलीच निघालीस! बापाने जन्मभर कान झिजवले आणि लेक भिंतीला टांगते! ती हसत सुटली. हसली की शेवटी उचकी दिल्यासारखा एक आवाज येतो तिला, लहानपणापासूनचा. म्हणाली, अरे बाबा, त्यात काहीच नाहीये ना, मग लावली काय आणि टांगली काय? मी म्हटलं, काहीच नाही ते ऐकायलाही अक्कल लागते. लावीन लावीन म्हणाली. बघू.

मंगळवार, २९ एप्रिल

तीन नंबरच्या खोलीत बर्फासारखी थंडी असते म्हणून कोपऱ्यात शेगडीवर किटली ठेवत जातो. काल तबकडी चालू असतानाच ती शिट्टी मारायला लागली, आणि मी उठेपर्यंत आपोआप बंद झाली. आज नमुना लावला तर चौथ्या मिनिटाला, अगदी हलकी, किटलीची शिट्टी. तबकडीत!

कुणीतरी हलगर्जीपणा केलाय. नमुना बदलला असणार, दुसरं काय. जॅस्परला सांगितलं तर म्हणाला, किती सुंदर! कार्डावर लिहिलं: ४ मिनिटे १० सेकंद, शिट्टी.

किटलीही बिघडली. पाणी उकळून सांडलं तरी हूं की चूं नाही. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही. नवी आणली, तीही तसलीच.

सोमवार, ५ मे

नमुन्यात आज आणखी दोन दोष. एक, सहाव्या मिनिटाला करावाँग पक्षी. गेल्या आठवड्यात वरच्या झरोक्यात येऊन बसला होता मेला, चांगला गळा काढून ओरडला होता. तोच. दुसरा दोष मला कळला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. वारा असावा, किंवा पाइपातली वाफ. येतं, जातं, येतं, जातं. शेवटी बारीक शीळ.

मर्ल सकाळी कुरकुरत होती, करावाँगांनी उच्छाद मांडलाय, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मी म्हटलं, मला तर एकही ऐकू आला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर बोट दाखवलं. मग तिच्या बोटामागे बघितलं, तर कुंपणावर तिघं चोची वासून बसलेले. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. बस्स.

कान तपासून घेतले हॉबार्टला जाऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने अप्रतिम आहेत. ते मला माहीत आहे.

रविवार, ११ मे

मातृदिन. ब्रॉनने पांढरी शेवंती दाखवली, क्रेगने खाणीवरून पाठवलेली. तबकडी अजून भिंतीवरच. मी म्हटलं, आईची शपथ आहे तुला. म्हणजे बघा मी कोणत्या थराला गेलो. ती म्हणाली, आज तरी नको ना भांडूस, बाबा.

शुक्रवार, १६ मे

आज गंमत झाली. गंमतच म्हणायची. नमुना चालू असताना जॅस्पर दार न वाजवता आत घुसला आणि रेकॉर्डींचा 'उबदार' आवाज यावर व्याख्यान सुरू. बाहेर हो म्हणून खूण केली, तर हा आणखीच रंगला. आणि बोलता बोलता एकदम आवाज बंद! ओठ हलतायत, हात हलतायत, दाढी हलतेय, आणि तोंडातून हवा.

मला हसू आवरेना. दिवसभर तो जाईल तिथे मी मान डोलावत हिंडलो. बायबलातसुद्धा असा चमत्कार नसेल. मर्लला म्हटलं, साहेबांचा घसा बसला वाटतं. ती म्हणाली, कुठे? आत्ता तर मला झापून गेले, इतक्या मोठ्याने की कानठळ्या बसल्या.

मग हसू गेलं.

मंगळवार, २० मे

नमुन्यात नवव्या मिनिटाला जॅस्परचं व्याख्यान. शब्दन् शब्द. 'उबदार' या शब्दाला तोडलेलं. तिथेच तर मला त्याचं ऐकू यायचं बंद झालं होतं.

आणि ती येणारी-जाणारी वाफ. आज कळलं. वाफ नाही. श्वास आहे. तरुणपणी फुटबॉलमध्ये नाक मोडलं, तेव्हापासून श्वास सोडताना मला बारीक शीळ येते. बायको त्यावरून जन्मभर डाफरायची. तीच शीळ. घरी येऊन हात नाकाशी धरला. ऊन हवा लागते हाताला. आवाज नाही.

हे लिहितोय त्या पेनाचाही आवाज येत नाही. मी तिथे बसून रोज कार्डं लिहितो.

रविवार, २५ मे

ब्रॉनशी बोललो. तिचा आवाज येतोय. उचकीसुद्धा. देवाची कृपा. तिला काही सांगितलं नाही, काय सांगणार? ती आपणहून म्हणाली, या आठवड्यात लावते नक्की, आता रागावू नकोस. बरं म्हणालो. मन दुसरीकडे होतं. नमुन्याबद्दलच विचार करत होतो.

गुरुवार, २९ मे

अंदाज नको, पुरावा हवा. नमुना लावला. कपावर चमचा वाजवला. टिंग. टिंग. तिसऱ्यांदा वाजवला — काही नाही. जोरात आपटला. कपाचा कान तुटला. नाही.

चालू असताना खोलीत जे वाजेल ते ती घेते. जो ऐकत बसलेला असेल त्याच्यापासून. कायमचं.

शुक्रवार, ३० मे

खात्री करायला आज पुन्हा लावली. अकराव्या मिनिटाला टिंग, टिंग. मी कार्ड लिहीत होतो — सवय — आणि फोन वाजला. ब्रॉन. ती शुक्रवारी कधी करत नाही. काही झालं असेल म्हणून पटकन उचलला. स्पीकरवर. हात कामात होते म्हणून. फक्त हात कामात होते म्हणून.

ती आनंदात होती. म्हणाली, बाबा, तू जिंकलास! काल दुपारी हॅमिश थांबेचना, तासभर किंचाळत होता. शेवटी तुझी रेकॉर्ड काढली भिंतीवरून आणि लावली. आणि तू मानणार नाहीस, रडता रडता मध्येच गप्प! कालपासून एकदाही रडला नाही. इतका गुणी झालाय! मी गाणं म्हणत होते त्याच्यासाठी, तर आता हाक मारली तरी बघत नाही, नुसता आपल्याच

तिथे तुटलं. फोन चालू. ती बोलत होती, सेकंद पुढे सरकत होते. माझ्यासमोर ती काळी फिरत होती. तिच्याकडेही त्याच खाचेची प्रत आहे, हे आत्तापर्यंत मनातच आलं नव्हतं; अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मेसेज केले. लावू नकोस. बाळाकडे बघत राहा, ऐकू नकोस, बघ. तिचं उत्तर: महिनाभर लाव लाव म्हणून डोकं खाल्लंस, आता लावू नको? पुन्हा पिऊ लागलास का, बाबा? खरं सांग.

चार वर्षांत थेंब घेतलेला नाही. पण आधी घेत होतो ना. तिने का विश्वास ठेवावा?

शनिवार, ३१ मे

ॲल्बीकडे गेलो. धक्क्याजवळ राहतो. त्याला आता काहीच ऐकू येत नाही, पाटीवर लिहितो. बरोबर नेलेल्या प्रतीवर माझी सही बघून रडला. लिहिलं: जगातली सगळ्यात शांत खाच कोरायची होती मला. फार खोल कोरली. रिकामं भांडं ठेवलं की त्यात काहीतरी पडणारच.

मी लिहिलं, परत मिळतं का? फोडली तर?

लिहिलं: नाही.

लिहिलं: जॅस्परला सांगितलं होतं, त्याने निरोपाचा केक आणला. मग मीही गप्प बसलो. वाटलं, लावतंय कोण?

हेच. लावतंय कोण! पाचशे घरांत आहेत, भिंतींवर, वेष्टनात. ज्या रिकामटेकड्यांवर मी थुंकत होतो ते सगळे आपापल्या घरी सुखरूप आहेत. एक माणूस त्यांना हसला, आणि आपल्या पोरीला शपथ घालून —

नमुना फोडायला घेतला. हातोडी उचलली आणि ठेवली. तबकडीत ब्रॉन आहे. आता फक्त तिच्यातच आहे.

पर्थचं विमान सोमवारी सकाळी. त्याआधीचं नाही. क्रेगला फोन लागत नाही, खाणीत आहे. ब्रॉनचा मेसेज: उद्या दोनला व्हिडिओ कर, हॅमिश बघ किती छान आहे, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल.

रविवार, १ जून

२.०२ — दिसली. केस विंचरलेत. ओठ हलतायत. काही नाही. तयारी केली होती मनाची. उपयोग नाही.

पण रडणं ऐकू येतंय. हॅमिशचं. तिच्या मागे दोन हातांवर पाळणा. जीव तोडून रडतोय. मला ऐकू येतंय, पर्थहून इथे, मर्लच्या स्वयंपाकघरात. ती हसतेय. मागे बोट करतेय, बघ कसा निजलाय —

शेल्फवर धुक्याच्या रंगाची. फिरतेय.

२.०४ — ओरडलो. ब्रॉन, मागे बघ. ती थांबव आधी. बाळ रडतंय. ब्रॉन! तिने ऐकलं, कपाळाला आठी घातली, काहीतरी बोलली. मी आणखी ओरडलो. मग तिचा चेहरा बदलला. फोन हलवला. कानाला लावला.

माझा आवाज. त्या खोलीत. तीही फिरतच होती. मूर्खा, मूर्खा, मूर्खा —

२.०६ — तिचा मेसेज. बाबा, आवाज गेला तुझा, नेट रद्दी आहे. कपडे वाळत घालून येते पाच मिनिटांत. तोवर तू बघ त्याच्याकडे.

फोन शेल्फला टेकवून गेली. मी सतरा मेसेज केले. ते तिथेच टुणटुणतायत, रिकाम्या खोलीत.

२.०९ — बघतोय. दुलई पायाशी होती. लाथा मारतोय आणि ती वर येतेय. गळ्यापर्यंत. एक हात गजांतून बाहेर. मर्लच्या फोनवरून आणीबाणीची तीन शून्यं लावली. पत्ता सांगितला. बाई म्हणाल्या, गाडी निघाली, नऊ मिनिटं, फोन ठेवू नका, दिसेल ते सांगत राहा. सांगतोय. लिहितोयही. दुसऱ्या हाताचं काय करू —

२.१२ — खिडकीतून ब्रॉन दिसते. पाठमोरी. चिमटे लावतेय. मान डोलतेय, गाणं म्हणत असेल. दुलई तोंडावर. रडणं दबलेलं, पण आहे. आहे.

२.१४ — थांबलं.

बाईंचा आवाज येतोय. विचारतायत, काय दिसतंय, सर? तबकडी अजून फिरतेय तिकडे. मी ऐकत होतो ना, फोनवरून, मीही ऐकतच होतो. तिने माझ्यापासूनही घेतलं असेल. तेच असेल. रडत असेल तो अजून, मलाच येत नसेल ऐकू. देवा, तसंच असू दे. सगळं घे. दोन्ही कान घे, मला ठार बहिरा कर, पण तसंच —

गजांतला हात. बोटं. आत्ता हलली. हललीच. नाही तर पडद्याच्या वाऱ्याने दुलई —

बाई विचारतायत, हात हलतोय का, सर. मी बघतोय. बघतोय. तो हात